सुटकेस प्लेअर की एटी-एलपी६०एक्स?

सुटकेस प्लेअर म्हणजे पेटीसारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर: स्वस्त, स्पीकरही आतच. पण त्यातली सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) तबकडीवर बहुधा ५-६ ग्रॅम भार टाकते. एलपीच्या (विनाइल तबकडीच्या) खाचा झिजतात. स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचतो, ते वेगळंच.

ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्स या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा भार सुमारे ३ ग्रॅम, फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) अंगचाच. पॉवर्ड स्पीकर (आत अँप्लिफायर असलेले) मात्र वेगळे घ्या. मागचा स्विच ‘लाइन’वर नसेल तर आवाज अगदी बारीक येतो. आमचा कौल यालाच.

घरात आजोबांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर अडचण: त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजतात, याला ३३⅓ आणि ४५ एवढेच वेग. बहुतेक सुटकेसना ७८ असतो, पण एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासते.

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात एलपी पत्र्याखालच्या खोलीत ठेवाल तर वाकतील. तबकडी फिरवणारा रबरी पट्टाही सैलावतो, मग सूर डळमळतो.