मनीला घर मिळालं, रेस्क्यू ग्रुपचा अनुभव
लेकाला दम्याचा त्रास सुरू झाला, डॉक्टर म्हणाले मांजर घरात नको, म्हणून ४ वर्षांची मनी द्यायची वेळ आली, खूप रडले मी. कोथरूडमधल्या एका छोट्या रेस्क्यू ग्रुपला फोन केला तर त्यांनी आधी नसबंदी झालीय का, रेबीज आणि ट्रायकॅटचे (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) डोस कधी दिले ते विचारलं, फाईलच मागितली. घेणाऱ्यांच्या घरी जाऊन खिडक्यांना जाळी आहे का बघितलं, मगच होकार! ३ आठवडे लागले आणि फोन पटकन उचलत नाहीत हे खटकलं. पण तिची जुनी गोधडी सोबत द्या, वास ओळखीचा राहतो, हे त्यांनीच सांगितलं. पहिले २ दिवस पलंगाखालीच होती, काल व्हिडिओ आला, तिथल्या काकूंच्या मांडीवर झोपलीये.