रफचे जँगो नियम, आडतीच्या मॉडेल्सवर

नांदेडच्या नव्या मोंढ्यातल्या एका आडतीचं हिशेबाचं वेब ॲप्लिकेशन मी सांभाळते. जँगोमधलं आहे, म्हणजे वेब ॲप्लिकेशन बनवायच्या पायथॉनच्या फ्रेमवर्कमधलं, आधीच्या कुणीतरी लिहिलेलं. त्याची मॉडेल्स, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यांची कोडमधली मांडणी, तपासायला मी रफ हे पायथॉनच्या कोडमधल्या चुका दाखवणारं साधन लावलं आणि जँगोत काम करणाऱ्या प्रत्येक छोट्या टीमने तो लावावा असं मला मनापासून वाटतं. तो फुकट आहे, रस्टमध्ये लिहिलेला असल्यामुळे कमालीचा वेगवान आहे आणि एकदा इन्स्टॉल केला की नेट गेलं तरी चालतो.

एक गोष्ट आधीच सांगते. जँगोचे नियम आपोआप चालू होत नाहीत. सेटिंगमध्ये 'डीजे' हा गट निवडावा लागतो, नाहीतर मॉडेल्सबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

सगळ्यात कामाचा नियम डीजे००१. चारफील्डला (मजकुराच्या रकान्याला) नल=ट्रू दिलं, म्हणजे 'किंमतच नाही' अशी नोंद चालेल असं सांगितलं, की तो टोकतो. शेतकऱ्याच्या मोबाईल नंबरचं आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. ॲडमिनच्या फॉर्ममध्ये रिकामा सोडलेला नंबर डेटाबेसमध्ये नल म्हणून बसायचा आणि जुन्या एक्सेलमधून आयात केलेल्या यादीत तीच जागा रिकामी स्ट्रिंग असायची. 'नंबर नसलेले शेतकरी' हा रिपोर्ट फक्त रिकामी स्ट्रिंग शोधत होता, त्यामुळे फॉर्ममधून भरलेले सगळे त्यातून गळायचे. दुरुस्ती करताना आधी डेटा मायग्रेशनने (जुना डेटा बदलणाऱ्या स्क्रिप्टने) नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग भरा, मगच फील्डवरचं नल काढा. खरेदीदाराच्या जीएसटी नंबरला मात्र युनिक (तीच किंमत दोनदा नको), ब्लँक (फॉर्ममध्ये रिकामं चालेल) आणि नल तिन्ही होतं, तिथे रफ काही बोलला नाही. बरोबरच आहे, कारण युनिक कॉलममध्ये दोन रिकाम्या स्ट्रिंगा बसत नाहीत, नल कितीही बसतात. एवढी समज त्याला आहे हे पाहून माझा विश्वास बसला.

डीजे००८ म्हणजे मॉडेलला __एसटीआर__ नसल्याची तक्रार; नोंद स्क्रीनवर कोणत्या नावाने दिसेल ते ही मेथड ठरवते. ही वरवरची बाब वाटेल, पण पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) करताना मुनीमजींच्या समोर ड्रॉपडाऊनमध्ये 'शेतकरी ऑब्जेक्ट (४१)' असं येत असेल तर त्यांनी कुणाच्या नावावर सोयाबीन चढवायचं? रफ मेथड आहे की नाही एवढंच बघतो. त्यात नुसतं नाव लिहिलं तरी तो खूश. आमच्याकडे एकाच नावाचे दोघे आहेत, एक अर्धापूरचा, एक मुदखेडचा, म्हणून मी नावापुढे गावही जोडलं.

डीजे०१२ मॉडेलमधल्या फील्ड, मेटा (मॉडेलच्या सेटिंगचा भाग) आणि मेथड्सचा क्रम बघतो. पहिल्यांदा चालवलं की याच्याच ओळींनी स्क्रीन भरते. दुरुस्ती हातानेच करावी लागते, पण नंतर फाईल वाचायला फार सोपी जाते.

आता जिथे तो गप्प बसतो ते. हमाली आणि तोलाई फ्लोटफील्डमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या रकान्यात) होती, त्यावर इशारा नाही. पैशाला डेसिमलफील्डच हवं, नाहीतर पट्टीच्या बेरजेत पैशांचा फरक पडतो आणि तो शोधता शोधता संध्याकाळ जाते. पट्टीला शेतकऱ्याशी जोडणाऱ्या फॉरेन कीवर ऑन_डिलीट कॅस्केड होतं, म्हणजे चुकून शेतकरी डिलीट केला की त्याच्या सगळ्या पट्ट्या गेल्या. त्यावरही इशारा नाही. मी प्रोटेक्ट केलं, म्हणजे पट्ट्या असलेला शेतकरी डिलीट होतच नाही. असल्या गोष्टी ज्याला आडतीचा व्यवहार कळतो त्यानेच ओळीओळीने वाचून पाहायला हव्यात.

आणखी एक. रफ एकेक फाईल सुटी वाचतो. तुमची मॉडेल्स दुसऱ्या फाईलमधल्या तुमच्याच बेस क्लासवरून निघालेली असतील, तर __एसटीआर__ चा नियम त्यांना लागत नाही, कारण ती जँगोची मॉडेल्स आहेत हे त्याला कळतच नाही. त्यासाठी मी एक छोटी टेस्ट लिहिली आहे. ती गेट_मॉडेल्सने आमच्या ॲप्समधलं प्रत्येक मॉडेल घेते आणि कुणाचं __एसटीआर__ अजून जँगोचंच मूळ असेल तर फेल होते. रफसोबत तीही रोज चालते.