लक्ष्मी विलास राजवाड्याची मराठी वास्तुफेरी : एक अभिप्राय

बडोद्यातील एका हौशी गटातर्फे लक्ष्मी विलास राजवाड्याची मराठीतून वास्तुफेरी घेतली जाते. पाहुणे आले की त्यांना राजवाडा दाखवून आणणे हा इथल्या मराठी घरांचा जुना शिरस्ता असला, तरी इमारतीची रचना समजून घेत ती पाहणे क्वचितच घडते. ते या फेरीत घडते, म्हणून ती मला मनापासून आवडली.

आत शिरण्यापूर्वी मार्गदर्शक आपल्याला दर्शनी बाजूसमोर बराच वेळ उभे करतात, आणि हाच फेरीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. दरबार व समारंभांची दालने, महाराजांचे निवासस्थान आणि राणीवसा असे या लांबलचक इमारतीचे तीन विभाग आहेत. मुघल धाटणीचे घुमट, राजपूत छत्र्या, गुजराती कोरीव काम आणि युरोपीय कमानी एकाच इमारतीत कशा नांदतात, हे या विभागणीच्या आधारे उलगडत जाते. मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा; कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच, हे कळल्यावर कोल्हापूरकडची मंडळी इमारत नव्याने न्याहाळू लागली. कवळाण्याहून १८७५ साली वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक आलेल्या सयाजीरावांसाठी हा राजवाडा उभारला गेला, हा संदर्भही योग्य जागी येतो.

दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या पद्धतीची मोझेइक फरशी, बेल्जियमच्या रंगीत काचा आणि स्त्रियांना आडोशाने दरबार पाहता यावा म्हणून केलेले वरचे जाळीदार सज्जे दाखवले जातात. फरशीजवळ वाकून पाहिले की लांबून सलग वाटणारी नक्षी बारीक बारीक तुकड्यांनी भरलेली दिसते. फेलिची या इटालियन शिल्पकाराच्या कामाची माहिती मात्र फारच घाईत उरकली गेली.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मँट १८८१ साली वारले. आपली गणिते चुकली असून इमारत कोसळेल या धास्तीने त्यांनी आत्महत्या केली, ही गावभर ऐकू येणारी कथा मार्गदर्शकांनी रंगवून आणि वस्तुस्थिती म्हणून सांगितली. दंतकथा जरूर सांगावी, पण ती दंतकथा आहे हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. शिवाय त्यात गेलेल्या वेळामुळे १८९० साली हे काम तडीस नेणारे रॉबर्ट चिझम एका वाक्यात आटोपले. मद्रासचे सिनेट हाऊस आणि आपल्या बडोदा कॉलेजची भव्य घुमटाची इमारत ही त्यांचीच कामे आहेत. राजवाड्यानंतर मंडळींना त्या घुमटाखाली नेले, तर दोन्ही इमारती शेजारी ठेवून पाहता येतील. गटाने ही भर अवश्य घालावी.

राजा रविवर्म्यांची चित्रे आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात आहेत आणि ती या फेरीत येत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढून जावे.