कॅशबॅक की पॉइंट? महिना तीस हजारांच्या खर्चाचा हिशोब

क्रेडिट कार्ड विकणारा फोन आला की पलीकडची व्यक्ती वर्षाला किती रुपये वाचतील ते कधी सांगत नाही. ती सांगते, "सर, अडीच हजारांचं व्हाउचर, एअरपोर्टला लाउंज आणि दर दीडशे रुपयांना चार रिवॉर्ड पॉइंट." दीडशेला चार ऐकायला भरघोस वाटतं. पण एका पॉइंटचे पैसे किती, हे कळेपर्यंत त्या चाराला काही अर्थ नाही. आणि एकाच बँकेत एकाच पॉइंटला तीन-चार वेगवेगळे भाव असतात, ही त्यातली खरी मेख.

एचडीएफसीचं रिगालिया गोल्ड बघा. त्याचा पॉइंट बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमान-हॉटेलसाठी वापरला तर ५० पैशांचा, आणि तोच कार्डाच्या बिलातून वळता करून घेतला तर २० पैशांचा. म्हणजे दीडशे रुपयांवर मिळालेले चार पॉइंट एकाला दोन रुपये देतात, दुसऱ्याला ८० पैसे. टक्क्यांत सांगायचं तर १.३३ किंवा जेमतेम अर्धा. पॉइंटांचं कार्ड चांगलं की वाईट, हे कार्डावर कमी आणि ते पॉइंट तुम्ही कुठे खर्च करणार यावर जास्त ठरतं.

आता एक घर समोर ठेवू. पुण्या-नाशकातलं चौघांचं कुटुंब, महिन्याला कार्डावर तीस हजार. त्यातले पंधरा हजार ऑनलाइन, दहा हजार दुकानांत, तीन हजार पेट्रोल, दोन हजार वीज वगैरे बिलं. विमानप्रवास वर्षातून एखादा, तोही तिकिटं स्वस्त मिळाली तर.

एसबीआयचं कॅशबॅक कार्ड २०२२ मध्ये आलं. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात १ टक्का. पंधरा हजारांवर ७५० आणि दहा हजारांवर १००, असे महिन्याचे ८५० रुपये. पेट्रोल आणि बिलांवर शून्य. वर्षाचे १०,२००. फी ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे ११७९ रुपये, आणि वर्षाला दोन लाख खर्च झाला की पुढची फी माफ. पहिल्या वर्षीसुद्धा हातात नऊ हजार राहतात.

याच घराने रिगालिया गोल्ड वापरलं तर बिलांसकट सत्तावीस हजारांवर महिन्याला ७२० पॉइंट, वर्षाला ८६४०. सगळे विमानाच्या तिकिटात घातले तर ४३२० रुपये, बिलात वळते केले तर १७२८. फी अडीच हजार, जीएसटीसह २९५०. ती माफ व्हायला वर्षाला चार लाख खर्च लागतो, आपलं घर ३ लाख ६० हजारांवर थांबलेलं. मग शेवटचे चाळीस हजार गाठण्यासाठी कार्डाचं वर्ष संपताना नको असलेला टीव्ही घरात येतो, आणि बँकेला नेमकं तेच हवं असतं. पहिल्या वर्षीचं व्हाउचर सोडलं तर निव्वळ फायदा १३७० रुपये, तोही विमानाने गेलात तरच.

लाउंजचं काय? वर्षातून एकदा उडणाऱ्या घरासाठी लाउंज म्हणजे इडली, कॉफी आणि बसायला बरी खुर्ची. कार्डधारकाला फुकट प्रवेश मिळाला तरी बायको-मुलांचे पैसे बहुतेकदा वेगळे पडतात. शिवाय गेल्या काही वर्षांत बऱ्याच कार्डांवर लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट आली आहे. त्याची किंमत धरायचीच असेल तर दोन-चारशे रुपये धरा.

तिसरा पर्याय सगळ्यात आळशी माणसाचा, आणि मला तो आवडतो: ॲमेझॉन पे आयसीआयसीआय. आयुष्यभर फी नाही. प्राइम सदस्याला ॲमेझॉनवर ५ टक्के, इतर बहुतेक ठिकाणी १ टक्का, आणि पैसे आपोआप ॲमेझॉन पे शिलकीत जमा. आपल्या घराचे सहा हजार ॲमेझॉनवर जात असतील तर ३०० आणि उरलेल्या एकोणीस हजारांवर १९०. वर्षाचे ५८८० रुपये. एसबीआयपेक्षा कमी, पण कुठली मर्यादा लक्षात ठेवायला नको, काही वळतं करून घ्यायला नको. ज्या घरात कार्डाच्या अटी वाचायला कुणाला वेळ नाही, तिथे हेच घ्यावं.

पाच टक्क्यांचं आकर्षण मात्र ऑनलाइन खर्चावर उभं आहे. तुमचं घर डीमार्टच्या रांगेत आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चालत असेल, म्हणजे ऑनलाइन पाच हजार आणि दुकानांत वीस हजार, तर एसबीआय कार्डाचे वर्षाचे ५४०० होतात. रिगालियाच्या ४३२० पेक्षा ते तरीही जास्त, पण फी बाजूला ठेवली तर फरक डोळ्यात भरण्याइतका राहत नाही. अशा घराने यूपीआयला जोडता येणारं रुपे क्रेडिट कार्ड बघावं, कारण क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डाचे पैसे फक्त रुपेवर जातात. टाटा न्यू इन्फिनिटी त्यातलं ओळखीचं नाव. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर टाटा न्यूच्याच यूपीआय आयडीने पैसे दिले तर दीड टक्का, दुसऱ्या ॲपवरून दिले तर अर्धा. मिळणारी न्यूकॉइन एक रुपयाची, पण ती बिगबास्केट, क्रोमा, वेस्टसाइड अशा टाटांच्या दारातच चालते. जिथे तसंही जाता तिथे ठीक.

सोन्याबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पाडवा-अक्षय तृतीयेला हा प्रश्न हमखास येतो. एसबीआय कॅशबॅकमध्ये दागिन्यांवर काही मिळत नाही, शाळेच्या फीवर, विम्यावर, घरभाड्यावरही नाही. वर अनेक सराफ कार्डाला दोन टक्के वेगळे मागतात. तिथे सरळ खात्यातून पैसे द्यावेत.

मग पॉइंटांचं कार्ड कुणासाठी? जो कामासाठी दर महिन्याला उडतो, तिकीट स्वतःच्या कार्डावर काढतो आणि कंपनीकडून पैसे परत घेतो, त्याच्यासाठी. पण इथेही हिशोब वाटतो तितका एकतर्फी नाही. ॲक्सिसचं ॲटलस विमानकंपनीकडे थेट काढलेल्या तिकिटावर शंभराला ५ माइल (म्हणजे प्रवासासाठीचे पॉइंट) देतं, इतरत्र २. महिन्याला चाळीस हजारांची तिकिटं धरली तर २००० माइल, वर्षाला २४ हजार. त्यांच्या पोर्टलवर एक माइल एक रुपयाचा, म्हणजे २४ हजार रुपये. आता तीच तिकिटं ऑनलाइन एसबीआय कॅशबॅकवर काढा: चाळीस हजारांचे ५ टक्के २०००, वर्षाचे २४ हजार. चक्क बरोबरी, आणि ॲटलसची पाच हजार अधिक जीएसटी फी वेगळीच.

ॲटलस पुढे जातं ते माइल विमानकंपन्यांच्या योजनेत वळवल्यावर, कारण तिथे एकाचे दोन होतात. ४८ हजार पॉइंट हातात आले आणि त्यांतून तुम्ही सुट्टीच्या दिवसांतलं महागडं तिकीट काढू शकलात, तर प्रत्येक पॉइंटचे रुपयाभर सुटतात आणि कॅशबॅक अर्ध्यावर राहतं. पण त्यासाठी कुठल्या योजनेत किती पॉइंटांना कुठली जागा मिळते हे महिनोन् महिने बघत बसावं लागतं. काहींना यात खरोखर मजा येते. ज्यांना येत नाही त्यांचे माइल खात्यात पडून राहतात.

फार मोठा खर्च असणाऱ्यांचं गणित निराळं. एचडीएफसीचं इन्फिनिया दीडशेला ५ पॉइंट देतं आणि स्मार्टबायवर विमान-हॉटेलसाठी पॉइंट एक रुपयाचा. म्हणजे साध्या दुकानातल्या खरेदीवरही ३.३३ टक्के, जिथे कॅशबॅक कार्ड एकच टक्का देतं. फी साडेबारा हजार, वर्षाला दहा लाख खर्चावर माफ. तेवढा खर्च असेल आणि ते मिळत असेल तर कॅशबॅकचा विचारही करू नका.

स्वागताच्या बोनसने मात्र हुरळून जाऊ नये. इन्फिनियात साडेबारा हजार फी भरली की साडेबारा हजार पॉइंट मिळतात, रिगालिया गोल्डमध्ये अडीच हजार भरून अडीच हजारांचं व्हाउचर. आपलेच पैसे दुसऱ्या रूपात परत येतात, १८ टक्के जीएसटी तेवढा जातो. न्यू जर्सीतला मामेभाऊ नवीन कार्डाच्या बोनसवर भारतात येऊन गेला असेल. तिकडे पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चावर दहा-दहा हजारांच्या पटीत पॉइंट देतात, म्हणून त्यांचा खेळ नवनवीन कार्डं घेण्याचा असतो. तो सल्ला इकडे उपयोगाचा नाही.

पॉइंटांच्या बाजूने कितीही बोललं तरी एक धोका राहतोच. त्यांचा भाव बँक ठरवते आणि बँकच बदलते. ॲक्सिस मॅग्नसवर महिन्याला एक लाख खर्च केला की पंचवीस हजार जादा पॉइंट मिळायचे आणि ५ पॉइंटांचे ४ माइल व्हायचे. सप्टेंबर २०२३ पासून ते मासिक पॉइंट बंद झाले आणि ५ चे २ झाले. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. लोकांचे पॉइंट बुडाले नाहीत, एअर इंडियाच्या योजनेत गेले, पण ज्या विमानकंपनीसाठी फी भरून कार्ड घेतलं होतं ती उरली नाही. कॅशबॅकही कापलं जातं. एसबीआयने २०२३ मध्ये महिन्याची मर्यादा दहा हजारांवरून पाचावर आणली होती. फरक इतकाच की आधी जमा झालेल्या रुपयांचा भाव कुणी बदलू शकत नाही. वरचे दरही असेच हलते आहेत, अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या पानावर पुन्हा बघून घ्या.

आणि हा सगळा हिशोब बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याचा आहे. वीस हजार थकले तर महिना पावणेचार टक्क्यांनी ७५० रुपये व्याज, त्यावर १३५ जीएसटी. महिन्याचं कॅशबॅक ८५० होतं. शिवाय बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. ज्याला असं दोन-तीनदा होतं, त्याने वरचं काहीच न घेता डेबिट कार्डावर राहावं.

कार्ड बदलायचं ठरलं तर जुन्यातले पॉइंट आधी वापरून टाका, बंद केल्यावर ते बहुधा जातात. मग बाकी शून्यावर आणून लेखी विनंती करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँक तुम्हाला ५०० रुपये देणं लागते. "तुम्हाला दुसरी छान ऑफर देतो" म्हणत फोन लांबवला जाईल. तो ठेवून ईमेल पाठवा, म्हणजे तारीख कागदावर राहते.