सरकारी तिजोरी की ज्याचा त्याचा खिसा: कल्याणकारी खर्चाचे दोन मार्ग शेजारी ठेवून पाहताना

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात साउथ फुल्टन नावाचे छोटे शहर आहे. २०१० मध्ये त्या शहराच्या हद्दीबाहेरच्या एका घराला आग लागली. हद्दीबाहेरच्या घरांना शहराचे अग्निशमन दल वर्षाला ७५ डॉलर वर्गणी घेऊन सेवा देत असे, आणि या घराची वर्गणी भरायची राहिली होती. बंब आला, पण पाणी मारले गेले ते शेजारच्या जमिनीवर, कारण शेजाऱ्याची वर्गणी भरलेली होती. लागेल तेवढा खर्च आत्ता देतो, असे घरातले लोक सांगत राहिले. घर जळून खाक झाले.

या घटनेचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात. सेवा पैसे मोजणाऱ्यापुरतीच ठेवली की असे होणारच, असे एक बाजू म्हणते. न भरणाऱ्याचेही घर वाचवले असते तर पुढच्या वर्षी वर्गणी कोणी भरली असती आणि बंबाचा खर्च कुठून निघाला असता, असे दुसरी विचारते. हा प्रश्न मला क्रूर वाटत नाही, तो खरा आहे. पण वर्गणी सर्वांना सक्तीची करणे हेही त्याचे एक उत्तर आहे, आणि सक्तीच्या वर्गणीलाच आपण कर म्हणतो.

आरोग्य, शिक्षण, म्हातारपणाची सोय, बेकारीतला आधार यांवर सरकारने खर्च करावा की नाही, याबद्दल तुमचे मत अजून बनत असेल तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. एक मार्ग असा: सर्वांकडून कर घ्यायचा आणि त्यातून सेवा द्यायच्या. दुसरा असा: कर कमी ठेवायचे आणि बचत, खासगी विमा, कुटुंब, देणग्या यांच्या बळावर ज्याने त्याने आपले पाहायचे. माझा कल पहिल्याकडे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. दुसऱ्या मार्गाची बाजू मात्र मी हलकी करून मांडणार नाही.

वाईट दिवस आले की कोण उभे राहते

दुसऱ्या मार्गाचे सर्वात चांगले उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये सापडते. तिथल्या कामगारांनी परस्पर मदतीची मंडळे उभारली होती. ठरावीक काळाने थोडी वर्गणी द्यायची, आजारी पडले तर भत्ता मिळायचा, मृत्यू झाला तर अंत्यविधीचा खर्च निघायचा. लाखो लोक त्यांचे सभासद होते. सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळे खोटे आजारपण लपत नसे आणि खऱ्या अडचणीला अर्ज-विनंत्यांची गरज पडत नसे. ही माणसे कोणाच्या दयेवर जगत नव्हती. सरकारी खर्चाच्या बाजूने बोलणारे या मंडळांचा उल्लेखही करत नाहीत, ते मला खटकते.

पण ज्यांचे काम अनियमित, ज्यांची मजुरी तुटपुंजी, त्यांना वर्गणीच परवडत नसे. म्हणजे ज्यांना आधार सर्वात जास्त हवा तेच बाहेर राहत. शिवाय सभासदांची पिढी म्हातारी होत गेली तसा अनेक मंडळांवरचा बोजा वाढत गेला. १९११ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय विमा कायदा करून कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला, त्याला ही पार्श्वभूमी होती.

देणग्यांची कसोटी १९२९ नंतरच्या महामंदीत लागली. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार होता. गरज सर्वात मोठी आणि देणाऱ्यांचे हात सर्वात रिकामे, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? धर्मादाय संस्थांनी शिकस्त केली, पण त्यांच्याकडचे पैसे संपले. १९३५ मध्ये तिथे सामाजिक सुरक्षा कायदा आला, म्हणजे म्हातारपणाच्या आणि बेकारीतल्या आधाराची सरकारी सोय झाली. कुटुंबाचेही तसेच आहे. घरातल्या एकाची नोकरी गेली तर बाकीचे सांभाळून घेतात. गावातला एकमेव कारखाना बंद पडला तर सगळे नातेवाईक एकदमच बुडतात. असे मोठे संकट पेलायला खूप माणसे आणि लांबचा पल्ला लागतो. मंदीत कर्ज काढून चांगल्या काळात ते फेडण्याची ताकद सरकारकडे असते, ती मंडळाकडे किंवा कुटुंबाकडे नसते.

खासगी विम्याची अडचण वेगळी आहे. आपल्या तब्येतीबद्दल विमा कंपनीपेक्षा आपल्याला जास्त माहीत असते. हप्ता सरासरी खर्चावर ठरवला तर धडधाकट माणसाला तो महाग वाटतो आणि तो बाहेर पडतो. मग उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो, हप्ता चढतो, आणखी काही जण निघून जातात. बाजारातली ही अडचण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या उदाहरणावरून मांडली (गाडीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नाही), आणि म्हाताऱ्यांना आरोग्य विमा मिळणे कठीण का होते हेही त्यात सांगितले. कंपनी आधीपासूनच्या आजारांवर अटी घालते, ती दुष्टपणामुळे असे नाही. अटी न घालणारी कंपनी टिकत नाही. उपाय उरतो तो सर्वांना एकत्र बांधण्याचा, आणि तिथे आपण पुन्हा सक्तीच्या वर्गणीपाशी येतो.

खर्च कुठे जास्त

सरकारी म्हणजे उधळपट्टी आणि खासगी म्हणजे काटकसर, असे सरसकट धरून चालू नका. आरोग्यावर अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के खर्च करते. इतर बहुतेक श्रीमंत देश सरकारी निधीवर किंवा सक्तीच्या विम्यावर जास्त विसंबतात, त्यांचा खर्च साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तिथली माणसे सरासरीने जास्त जगतात. अमेरिकेत सरकारही आरोग्यावर बराच पैसा घालते, त्यामुळे हा शुद्ध खासगी व्यवस्थेचा नमुना नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

मोफत मिळाले की माणूस जास्त वापरतो, हा आक्षेप मात्र खरा ठरला आहे. रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात अमेरिकेत एक मोठा प्रयोग सुरू केला. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत होते, काहींना खर्चाचा वाटा उचलावा लागत होता. वाटा उचलणाऱ्यांनी उपचार कमी घेतले आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. पण त्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळले, आणि जे गरीब होते व आधीच आजारी होते त्यांना त्याची झळ बसली. त्यांचा रक्तदाब मोफत उपचार मिळणाऱ्यांइतका आटोक्यात राहिला नाही. ज्याला परवडते त्याच्याकडून थोडे शुल्क घ्यायला माझी हरकत नाही. गरीब रुग्णाच्या दारात मात्र गल्ला ठेवू नये.

लोक आळशी होतात का

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून त्याला नीट पुरावा मागावा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००८ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यात जागा थोड्या आणि इच्छुक जवळपास ९० हजार होते, म्हणून सोडत काढली गेली. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची चांगली तुलना करता आली. विमा मिळालेल्यांनी काम सोडल्याचे दिसले नाही. त्यांच्यातले नैराश्य घटले आणि उपचारांच्या खर्चाने कंबरडे मोडण्याची वेळ जवळपास टळली. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत दोन वर्षांत ठळक सुधारणा आढळली नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फिनलंडने २०१७ आणि २०१८ ही दोन वर्षे २,००० बेकारांना विनाअट दरमहा ५६० युरो दिले. त्यांच्या रोजगारात फार फरक पडला नाही, समाधान मात्र वाढले.

काम टाळण्याची खरी भीती दुसरीकडे आहे. एखादी योजना ठरावीक उत्पन्नाच्या खाली असलेल्यांनाच मिळत असेल, तर पगार थोडा वाढताच भत्ता, घरभाड्याची मदत, मोफत उपचार असे सगळे एकदम बंद होऊ शकते. पगार वाढूनही हातात कमी पैसे पडत असतील तर जास्त काम नाकारणारा माणूस आळशी नाही, त्याला हिशेब येतो. दोष योजनेच्या आखणीचा आहे, आणि तो मदत हळूहळू कमी करत नेऊन दुरुस्त करता येतो.

सरकार शब्द पाळेल का

पहिल्या मार्गावरचा सर्वात वजनदार आक्षेप हा आहे, आणि यावर मीही अडखळतो. आज काम करणाऱ्यांच्या करातून आजच्या म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन द्यायचे, अशी अनेक देशांची पद्धत आहे. मुले कमी झाली आणि आयुर्मान वाढले की हे गणित बिघडते. राजकारण्यांना आश्वासन आज देता येते आणि त्याचे बिल वीस वर्षांनी येते. ग्रीसमध्ये २०१० नंतरच्या कर्जसंकटात निवृत्तांच्या हातात पडणाऱ्या रकमांना वारंवार कात्री लागली. सरकार देणार म्हणजे नक्की देणार, असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग प्रत्येकाचे स्वतंत्र खाते चांगले? चिलीने १९८१ मध्ये तेच केले. कामगाराने वेतनाचे १० टक्के खासगी निवृत्तिवेतन कंपनीत आपल्या नावावर ठेवायचे. त्यातून देशात मोठे भांडवल उभे राहिले. पण ज्यांचे काम अधूनमधून सुटत होते, विशेषतः स्त्रिया आणि नोंद नसलेले कामगार, त्यांच्या खात्यात तुटपुंजी रक्कम जमली. अखेर २००८ मध्ये सरकारने कराच्या पैशातून किमान निवृत्तिवेतनाचा आधार दिला. एक गोष्ट मला बोलकी वाटते: ही पद्धत लष्करी राजवटीने आणली, आणि सैन्यदलांना तिच्यातून वगळून जुन्या सरकारी निवृत्तिवेतनावर ठेवले.

स्वीडनने १९९० च्या दशकातल्या आर्थिक संकटानंतर मधली वाट काढली. निवृत्तिवेतन सरकारीच राहिले, पण त्याची रक्कम आयुष्यभर भरलेल्या वर्गणीशी, वेतनवाढीशी आणि वाढत्या आयुर्मानाशी जोडली. अर्थव्यवस्था घसरली तर वाढही आपोआप आवरते. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा नियम कायद्यातच लिहिल्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर रक्कम फुगवणे अवघड झाले. सरकारी खर्चाच्या कोणत्याही समर्थकाकडे अशी एखादी वेसण मागा, आणि ती नसेल तर संशय घ्या.

पैसा सरकारचा, काम कोणाचे

सरकारने पैसा द्यावा का आणि सरकारने सेवा चालवावी का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वादात ते हमखास एकमेकांत मिसळतात. नेदरलँड्समध्ये १९१७ च्या घटनादुरुस्तीपासून खासगी शाळांनाही सरकारी शाळांच्या बरोबरीने सार्वजनिक निधी मिळतो, आणि तिथली बहुसंख्य मुले अशा शाळांत शिकतात. जर्मनीत १८८३ पासून चालत आलेला आरोग्य विमा स्वायत्त निधींमार्फत चालतो. वर्गणी कामगार आणि मालक दोघे भरतात. याउलट ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत बहुतांश रुग्णालयेही सार्वजनिक आहेत. सरकारी कार्यालयातले खेटे, लांबलेल्या रांगा, ओळख असल्याशिवाय न हलणारी फाइल यांचा तुम्हाला वीट आला असेल, तर तो चालवण्याच्या पद्धतीबद्दलचा राग आहे. त्यासाठी गरीब मुलाची फी काढून घ्यायची गरज नाही.

सर्वांना द्यावे की फक्त गरिबांना, यावर माझे मत ठाम आहे: शाळा, लसीकरण, दवाखाना सर्वांना, रोख मदत गरजूंना. श्रीमंताचे मूलही ज्या शाळेत जाते तिची गळकी छपरे लवकर दुरुस्त होतात. आणि पात्रतेचे कागद मागितले की खरी गरजू माणसेच लाजेने किंवा कागदाअभावी गळतात. रोख मदतीत ब्राझीलची २००३ ची बोल्सा फॅमिलिया योजना पाहण्यासारखी आहे. मुलांची शाळेतली हजेरी आणि लसीकरण या अटींवर गरीब कुटुंबांना, शक्यतो आईच्या नावे, पैसे मिळत. देशाची सुमारे पाव लोकसंख्या तिच्यात आली तरी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता.

तुमच्यापुढे एखादी योजना असेल तर

प्रत्येक सेवेबाबत मी आधी पाहतो की एकाने ती घेतली नाही तर दुसऱ्याचे किती बिघडते. सांडपाणी, लस, आग यांत उत्तर उघड आहे. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले, ते एकेकट्याच्या खरेदीने झाले नसते. मग पाहतो की संकट आधी कळते का. कर्करोग किंवा जन्मजात अपंगत्व कोणी निवडत नाही, त्याचा भार सर्वांनी वाटून घ्यावा. तिसरे, लाभ मुख्यतः कोणाला होतो.

या तिसऱ्या प्रश्नावर उच्च शिक्षण अडकते. पदवीधर पुढे सरासरीने जास्त कमावतो, मग ज्यांची मुले कॉलेजपर्यंत पोचलीच नाहीत त्यांनी कर का भरावा? पण आधी फी मागितली तर हुशार गरीब मूल बाहेर राहते. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून सरकारतर्फे फी भरण्याची आणि शिकलेल्याचे उत्पन्न ठरावीक पातळीवर गेल्यावरच ती कराबरोबर कापून घेण्याची पद्धत ठेवली आहे. नोकरी गेली की कापणे थांबते. वसुली पूर्ण होत नाही आणि बुडालेला भाग करदाते सोसतात. तेवढा भाग मी माझ्या करातून आनंदाने सोसेन.