सोनेरी सेट गेला, एम३५ आलं

डबा बघून भुललो, हे आधीच कबूल करतो. तेरा ड्रिल बिटचा सोनेरी सेट, वर मोठ्या अक्षरात 'टायटॅनियम'. स्टीलच्या ग्रेडचा कुठेच पत्ता नाही. एमएसच्या (साध्या माइल्ड स्टीलच्या) पट्टीत आठ-दहा भोकं बरी पडली. मग ३०४ ग्रेडच्या ३ एमएम एसएस (स्टेनलेस स्टील) प्लेटवर त्यातलं ८ एमएमचं ड्रिल लावलं. आधी किंचाळलं, मग कीस यायचा थांबला, टोक निळं पडलं. आणि मी शहाणा वरून जोर देत बसलो! एसएस नुसतं घासत राहिलं की त्या जागी आणखी कडक होतं. नंतर चांगलं ड्रिल लावलं तर तेही तिथे फिरत राहिलं.

सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा. थर जेमतेम काही मायक्रॉनचा, ग्राइंडरवर धार लावली की टोकावरून गेला. आत स्टील कुठलं आहे, सगळा खेळ त्याचा.

आता तीन महिने एम३५ वापरतोय, म्हणजे ५ टक्के कोबाल्टचं एचएसएस (हाय स्पीड स्टील). ग्रेड शँकवरच, म्हणजे मशीनमध्ये धरायच्या दांड्यावरच, कोरलेला आहे. टोक १३५ अंशाचं, स्प्लिट पॉइंट (टोकाचा मधला भागही धारदार केलेला), त्यामुळे पंचाच्या खुणेवरून सरकत नाही. ८ एमएमला पाचशेच्या आत आरपीएम, कटिंग ऑइल आणि एकसारखा दाब, एवढं सांभाळलं की कीस लांब, कुरळा, चकचकीत निघतो. त्याच प्लेटमध्ये चाळीसेक भोकं पाडली, तेव्हा कुठे धार लावायची वेळ आली.

खोट एकच, ठिसूळ आहे. हातमशीनवर भोक आरपार होताना मशीन जराशी कलली आणि ५ चं ड्रिल कडकन तुटलं. ड्रिल प्रेस असेल तरच घ्या. हातमशीनला साधं एम२ (बिनकोबाल्टचं एचएसएस) बरं, थोडं वाकडंतिकडं सोसतं. आणि दिवसभर एमएसच मारायचं असेल तर कोबाल्ट हवं कशाला?

याच कंपनीचं १० चं ड्रिल मात्र मी परत केलं. उजेडात धरलं तर टोकाची एक धार दुसरीपेक्षा उघड लांब होती, म्हणजे भोक मोठं पडणार हे नक्की. बदलून दिलं त्यांनी. तेही आधी काचेवर लोळवून सरळ आहे का बघितलं, मगच चकमध्ये चढवलं.