पैसे व्हिनियरचे घेतले, दात मात्र तासून टाकले

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, म्हणून आमच्या वस्तीतल्या बऱ्याच पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग. दात हिरडीच्या आत घडत असतानाच हा डाग पडतो, नंतर कितीही ब्रश करा, जात नाही. बघणाऱ्याला वाटतं, ही तंबाखूचा खर्रा खाते. पुण्यात नोकरीला लागले तरी मी तोंडावर हात ठेवूनच बोलायचे.

म्हणून स्माइल मेकओव्हरची जाहिरात बघून एका क्लिनिकमध्ये गेले. नाव देत नाही, प्रकरण सुरू आहे. डॉक्टरांच्या आधी एक मॅडम भेटल्या. "ताई, नखाला नेलपॉलिश लावतो ना, तसं दातावर सिरॅमिकचं पातळ आवरण बसतं, त्यालाच व्हिनियर म्हणतात. दाताला काही होत नाही," असं त्या म्हणाल्या. वरचे आठ दात, प्रत्येकी 9,000 रुपये, आणि आजच बुक केलं तरच हा दर. वीस हजार मी तिथेच भरले, उरलेल्या 52,000 चा हप्ता त्यांनीच माझ्या फोनवर चालू करून दिला. टॅबवर एक इंग्रजी फॉर्म होता, त्यावर बोटाने सही केली. वाचला नाही.

खुर्चीत भुलीची इंजेक्शनं दिली आणि मशीन चालू झालं ते थांबेचना. तात्पुरत्या कॅप, म्हणजे अख्खा दात झाकणाऱ्या टोप्या, लावण्याआधी डॉक्टर बाहेर गेले तेव्हा मी फोनचा कॅमेरा तोंडासमोर धरला. पेन्सिलीला टोक काढावं तसे आठही दात चहूबाजूंनी तासलेले होते, मध्ये मोठमोठ्या फटी. मला रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, व्हिनियरला एवढं करावंच लागतं.

नाही लागत. व्हिनियरसाठी सहसा दाताची फक्त पुढची बाजू साधारण अर्धा मिलिमीटर घासतात, काही वेळा तेवढीही नाही. चहूबाजूंनी तासतात ते कॅपसाठी. कॅप वाईट नाही, पण ती किडलेल्या, तुटलेल्या, कमकुवत झालेल्या दाताला. माझ्या दातांना डाग होते, कीड नव्हती. दाताचं वरचं कठीण आवरण, इनॅमल, एकदा गेलं की पुन्हा येत नाही, हे मला तेव्हा कुणीही सांगितलं नाही.

चार महिन्यांत थंड पाणी पिणं बंद झालं. हिरड्या सुजल्या, कडेला करडी रेघ दिसायला लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कॅप त्यात पांढऱ्याशुभ्र, भरीव दिसत होत्या. आत धातू होता, वर पोर्सेलीनचा थर. सिरॅमिक व्हिनियरचे पैसे घेऊन बसवल्या होत्या त्या धातूवरच्या कॅप! दोन दातांचं रूट कॅनॉल करावं लागलं. या कॅप आता आयुष्यभर बदलत राहायच्या आहेत, काढून नुसतं राहता येत नाही. असल्या डागांना आधी ब्लीचिंग किंवा वरचा सूक्ष्म थर घासून पाहतात, व्हिनियर त्यानंतर, हेही मला त्याच डॉक्टरांकडून कळलं.

पावतीवर फक्त 'कॉस्मेटिक ट्रीटमेंट, 72,000'. मी सही केलेल्या फॉर्मवर 'व्हिनियर/क्राउन', क्राउन म्हणजे कॅपच. त्या एका तिरक्या रेघेवर ते आज बोट ठेवतात.

तुम्ही जाणार असाल तर कोणत्या दातावर काय बसवणार, कशाचं, आणि दात किती घासणार, हे मराठीत लिहून मागा. पावतीवर दातांचे नंबर आणि मटेरियल हवंच. डॉक्टरांची राज्य दंत परिषदेकडची नोंदणी बघा. आधीचे फोटो आणि एक्स-रे स्वतःकडे ठेवा, माझ्याकडे आधीचा एक्स-रे नाही आणि तेच मला आता नडतंय. आणि त्याच दिवशी पैसे भरू नका, घरी या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. फसलाच असाल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मी व्हॉट्सॲपवरचे सगळे मेसेज जोडून ती केली आहे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या दातांवरही तसेच डाग आहेत. ती माझ्यासारखे दात करून घ्यायचा हट्ट धरून बसली होती. मी तिला कॅमेऱ्यातला तो फोटो दाखवला. पुढच्या महिन्यात तिला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेणार आहे.